खासगी होडी ठरवून शांत खाड्या, पुळणी आणि बेटे पाहणे : देवबाग, कर्ली खाडी आणि निवती परिसर

कांदळवाट (मूळ लेखन)

गेल्या माघात, शुद्ध द्वादशी आणि त्रयोदशी असे लागोपाठ दोन दिवस, आम्ही घरच्या पाच जणांनी मालवणजवळच्या देवबागला एक फायबरची होडी पूर्णपणे आमच्यापुरती ठरवली होती. त्याआधी तीनदा मालवणला जाणे झाले होते आणि तिन्ही वेळा माणशी पैसे देऊन, बऱ्याच अनोळखी लोकांबरोबर, डॉल्फिन, संगम आणि त्सुनामी बेट अशी ठरीव फेरी केली होती. त्या फेरीत वाईट काही नाही, आणि पहिल्यांदा येणाऱ्याने ती जरूर करावी. परंतु प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे थांबून शिट्टी होताच परत चढायचे, यामुळे खाडी नुसती ओलांडली जाते, पाहिली जात नाही, अशी रुखरुख दर वेळी मनात राहिली होती.

या खेपेस आम्ही ठिकाणांची यादी न करता आधी तिथी पाहिली. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, आणि जुन्या लोकांचा हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरती किती वाजता येईल ते कळते. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा हिशेब मुंबईच्या पाण्याला बऱ्यापैकी जुळतो. मालवणकडे भरती त्याच्या थोडी आधी पूर्ण होते. द्वादशीला सकाळी साडेआठच्या सुमारास पाणी भरेल, हे लक्षात घेऊन आमच्या तांडेलांनी, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखांनी, सहा वाजून चाळीस मिनिटांनी, जेमतेम उजाडत असताना, होडी सोडली आणि चढत्या पाण्याबरोबर आम्हांला कर्ली खाडीत आत नेले.

देवबाग म्हणजे पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्ली यांच्यामधली माडांची अरुंद पट्टी आहे. समुद्राची गाज एका बाजूने ऐकू येत असताना दुसऱ्या बाजूचे पाणी मात्र तळ्यासारखे स्थिर असते, हे तिथे गेल्यावाचून पटत नाही. तारकर्ली मागे पडल्यावर दोन्ही काठांना कांदळवन दाट होत गेले. नेरूरपारच्या पुलाच्या अलीकडे तांडेलांनी यंत्र बंद केले, आणि पाणी उतरू लागल्यावर त्याच ओढीने होडी आपोआप परत वाहू लागली. पुढचा सव्वा तास वल्ह्याचा उपयोग केवळ दिशा धरण्यापुरता झाला. त्या सव्वा तासाविषयीच मला खरे तर लिहायचे होते. तिवरांच्या मुळांमधून सतत येणारा बारीक तडतडाट हा चिखलातल्या कोळंबीच्या जातीचा असतो, हे तांडेलांनी सांगितले. काळ्या टोपीचा खंड्या एकाच फांदीवरून तीनदा पाण्यात उतरला आणि तिसऱ्यांदा मासा घेऊन आला. माझे वडील, जे प्रवासात कधीही दहा मिनिटांपेक्षा अधिक गप्प बसत नाहीत, ते पूर्ण वेळ नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी, शांत बसून होते. यंत्र चालू असते तर यांपैकी काहीही घडले नसते. त्याच दुपारी, पाणी पार उतरल्यावर, काठावरून पाहिले तर सकाळी आमची होडी जिथून गेली होती त्या जागी गुडघाभर चिखलात बायका मुळे, म्हणजे खायचे शिंपले, वेचत होत्या.

दुसऱ्या दिवसासाठी तांडेलांनी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवले होते : “उद्या पाऊण तास उशिरान निघूया, तेच्या आधी मुखार पाणी गावाचा नाय,” म्हणजे त्याआधी मुखावर पुरेसे पाणी मिळणार नाही. त्याप्रमाणे साडेसातला निघून आम्ही खाडीच्या मुखातून बाहेर पडलो आणि किनारा डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे वळलो. भोगव्याची लांबलचक पुळण समुद्रातून पाहताना तिच्यामागची टेकडी आणि माड एका नजरेत मावतात. जमिनीवरून ते कधी जमत नाही. तेथे उतरण्याची आमची फार इच्छा होती, परंतु लाट काठाजवळ फुटते आहे असे सांगून तांडेलांनी नकार दिला आणि आम्हांला निवतीच्या डोंगराच्या आडोशाला नेले. माथ्यावर निवतीचा किल्ला, खाली पिवळसर खडक आणि मध्ये एक लहानशी वाळू, एवढ्या जागेत आम्ही दीड तास घालवला. अकराच्या आत परत मुखात शिरलो, कारण दुपारी समुद्रावरून खारे वारे जोर धरतात आणि सकाळचे आरशासारखे पाणी तेव्हा ओळखू येत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की होडी ठरवताना “काय काय दाखवाल” असे विचारण्याऐवजी “कोणत्या वेळी निघणे बरे” असे विचारावे, आणि उत्तर आपल्या न्याहारीच्या वेळेशी जुळत नसेल तर न्याहारी बदलावी. इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

---

निळी रेघ

आपले लेखन वाचून आमचाही विचार पक्का होऊ लागला आहे. आमच्याबरोबर माझ्या सासूबाई असतील, त्यांचे वय बाहत्तर आहे आणि गुडघ्यांचा त्रास आहे. शिवाय सहा वर्षांचा मुलगा आहे. अशा माणसांना होडीत चढणे-उतरणे कितपत शक्य होते? आणि पैशांचे बोलणे नेमके कशावर करावे, तासावर, अंतरावर की माणसांवर?

---

खाडीकाठचा

माझे घर कर्लीच्या काठावर आहे आणि घरातल्या दोन पिढ्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होत्या, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सासूबाईंच्या बाबतीत भरतीचा विचार समुद्रापेक्षाही धक्क्यावर अधिक करावा लागेल. पाणी भरलेले असताना होडीचा काठ धक्क्याच्या पायरीला लागतो आणि हात धरून एका पावलात आत जाता येते. तीच होडी ओहोटीला तीन-चार हात खाली असते, किंवा धक्का सोडून चिखलातून तिच्यापर्यंत जावे लागते. म्हणून जाणे आणि येणे ही दोन्ही पूर्ण भरतीच्या अलीकडे-पलीकडे दोन-अडीच तासांच्या आतच बसवावीत. पुष्कळ लोक निघतानाची वेळ बरोबर साधतात आणि परतताना अडकतात. वाळूवर उतरायचे असेल तर मांडीइतक्या पाण्यात उतरावे लागते, ते त्यांनी टाळलेले बरे. खाडीतली फेरी मात्र त्यांना नक्की मानवेल, कारण तिथे होडी हलत नाही.

पैशांविषयी : पूर्ण होडी ठरवताना माणसांची संख्या गौण असते. मुख्य खर्च इंधनाचा, त्यानंतर तांडेल आणि खलाशी यांच्या वेळेचा. त्यामुळे किती तास, कोठपर्यंत आणि मध्ये किती वेळ थांबायचे, या तिन्ही गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. थांबण्याचा वेळ बोलला गेला नाही तर दोन्ही बाजूंना घाई होते. इंधनाचा खर्च वाचतो म्हणून, यंत्र बंद ठेवून वाहत येण्याची कल्पना तांडेललाही आवडते, ही गोष्ट मूळ लेखकांनी लिहिली नाही म्हणून मी सांगतो.

आता मुखाविषयी, कारण धोका असला तर तो तिथे आहे. कर्लीच्या मुखावर वाळूची पट्टी आहे आणि ती दर पावसाळ्यानंतर जागा बदलते. गेल्या वर्षीची वाट या वर्षी असेलच असे नाही. त्सुनामी बेट म्हणतात तेही अशाच वाळूचे आहे. ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असते आणि त्याच वेळी समोरून वाऱ्याची लाट येते, तेव्हा त्या पट्टीवर पाणी उभे राहते आणि लाटा आखूड व उंच होतात. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, ही ओढ सर्वांत अधिक. भांगाच्या भरतीला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कमी. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, आमच्याकडे दोन मीटरच्या आसपास, त्यामुळे बाहेरच्या माणसाला आमची खाडी सौम्य वाटते. परंतु अरुंद मुखातून तेवढेही पाणी पुरेसे असते. तांडेल “आज बाहेर नको” म्हणाले तर त्यांच्याशी वाद घालू नये, आणि जास्त पैसे देऊ करणे तर मुळीच नको. पैशांची गरज सर्वांनाच असते आणि नाही म्हणणे त्यांना आधीच जड जात असते.

पावसाळ्यात, मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत, प्रवासी होड्या बंद असतात. आम्ही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो, पण पर्यटकांनी त्यानंतरही जवळजवळ दोन महिने थांबून, दसऱ्याच्या सुमारास पाणी निवळल्यावरच यावे असे माझे मत आहे.

---

दर्यागाज

वरील प्रतिसादाला जोडून सुरक्षा जाकिटांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. चार वर्षांपूर्वी आम्ही रायगड जिल्ह्यातल्या एका बंदरावरून अशीच होडी पूर्ण ठरवली होती. जाकिटे आहेत का, असे विचारल्यावर होकार मिळाला. परंतु निघाल्यावर लक्षात आले की ती फळीखाली दोरीने बांधून ठेवली आहेत आणि त्यांत लहान मुलाच्या मापाचे एकही नाही. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. मोठ्या माणसाचे जाकीट तिच्या अंगात घातले तर ते पाण्यात वर सरकून तिच्या तोंडावर आले असते. आम्ही होडी वळवायला लावली आणि परत आलो. पैसे गेले, थोडी बोलाचाली झाली, पण त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी किनाऱ्याकडे परतत असताना उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला, हे येथील अनेकांच्या स्मरणात असेल. मेच्या अखेरीस समुद्राचा रंग बदललेला असतो आणि किनारा जवळ दिसत असतो, म्हणून माणसे निर्धास्त होतात. सहा वर्षांच्या मुलासाठी त्याच्या मापाचे, पायांमधून पट्टा असलेले जाकीट आपण घरूनच न्यावे, धक्क्यावरच चढवावे आणि परत धक्क्यावर आल्यावरच काढावे, असे निळी रेघ यांना मी आग्रहाने सांगेन. होडी नोंदणीकृत आहे ना, तिच्यावर क्रमांक आणि माणसांची कमाल संख्या लिहिली आहे ना, एवढे पाहायला अर्धा मिनिट लागतो.

---

पाकोळी

मी पक्षीनिरीक्षणासाठी या किनाऱ्यावर येते आणि मला दोन गोष्टींविषयी लिहायचे आहे.

पहिली वेंगुर्ला रॉक्सविषयी. निवतीच्या बाजूने स्वच्छ दिवशी क्षितिजावर जो दीपगृहाचा खडक दिसतो, तो या बेटांच्या समूहातला आहे. खासगी होडी ठरवल्यावर “तिथपर्यंत नेता का” हा प्रश्न हमखास विचारला जातो. ती बेटे उघड्या समुद्रात आहेत, आडोसा नाही, आणि तिथल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. हा पक्षी आपल्या लाळेपासून घरटे बनवतो, आणि त्या घरट्यांना परदेशात खाद्य म्हणून मागणी असल्यामुळे एके काळी येथून त्यांची चोरी होत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या घरट्यांच्या रक्षणासाठी काम केले आहे. लाळेचे घरटे एकदा मोडले तर पक्ष्याला ते पुन्हा थेंबाथेंबाने उभारावे लागते. त्या गुहांच्या तोंडाशी यंत्राची होडी नेणे, आत शिरणे किंवा दिवे मारणे हे करू नये. मी स्वतः ती बेटे एकदाच, दुरून, फेब्रुवारीच्या शांत सकाळी पाहिली आहेत आणि तेवढ्यावर माझे समाधान आहे.

दुसरी गोष्ट नांगराची. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली, हे सर्वांना माहीत असते; त्याच तटाच्या पायथ्याशी पाण्याखाली प्रवाळ आहे, हे मात्र होडीत बसलेल्यांपैकी थोड्यांना ठाऊक असते. खडकावर टाकलेला नांगर ओढला गेला की प्रवाळाचा जो गड्डा मोडतो, तो वाढायला कित्येक वर्षे लागलेली असतात. आपली स्वतःची होडी असेल तर नांगर वाळूवर टाकायला सांगणे आपल्याच हातात असते. मासे गोळा व्हावेत म्हणून पाव टाकणेही थांबवावे. मी आजवर ज्या तांडेलांना ही विनंती केली त्यांपैकी एकानेही ती नाकारली नाही. बहुतेकांनी सांगितले की पाव प्रवासीच मागतात.

किनाऱ्यावरच्या मोठ्या झाडावर काकणाचे, म्हणजे समुद्री गरुडाचे, घरटे दिसले तर होडी लांबून न्यावी. नोव्हेंबर ते मार्च या काळात काही पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालायला येतात, त्यामुळे अंधार पडल्यावर दिवे घेऊन एकांत पुळणीवर उतरण्याचा बेतही करू नये.

---

तिसरी घंटा

सर्वांचे लिखाण मनापासून आवडले, तरीही एक शंका मांडतो. पाच माणसांसाठी एक होडी, एक यंत्र आणि तेवढे इंधन, हे वीस माणसांच्या फेरीपेक्षा समुद्रावर अधिक भार टाकणारे नाही का? आणि ज्या जागा शांत आहेत, त्यांची नावे असे सविस्तर लिहिल्याने त्या शांत राहतील का? निवतीच्या त्या लहानशा वाळूवर पुढच्या माघात दहा होड्या उभ्या असल्या, तर त्यात या धाग्याचाही वाटा असेल.

---

कांदळवाट

आपली शंका रास्त आहे आणि लिहिण्यापूर्वी मी स्वतः तिच्याशी पुष्कळ झगडलो. पहिल्या भागाबाबत मी असे म्हणेन की भार माणसांच्या संख्येवर जितका आहे तितकाच वागणुकीवर आहे. डॉल्फिन दिसल्यावर चार होड्यांनी चारही बाजूंनी वेग वाढवून त्यांच्यावर जाणे मी ठरीव फेरीत पाहिले आहे, कारण वीस जणांना दहा मिनिटांत काहीतरी दाखवायचे असते. आम्हांला निवतीहून परतताना तीन डॉल्फिन दिसले. तांडेलांनी यंत्र मंद केले आणि होडी समांतर ठेवली, आणि ते आपल्या वाटेने गेले. आमच्यावर घाई नव्हती म्हणून त्यांच्यावरही नव्हती. तरीही इंधन जळले हे खरे आहे, आणि त्याचे माझ्याकडे उत्तर नाही. शक्य तेवढा वेळ यंत्र बंद ठेवणे, एवढेच करता येते.

नावांच्या बाबतीत आपला मुद्दा मला मान्य आहे. मी फक्त तीच नावे लिहिली आहेत जी नकाशावर आणि एसटीच्या पाटीवर आधीपासून आहेत. दोन जागा मी मुद्दाम वगळल्या आहेत, आणि कोणी खासगीत विचारले तरी सांगणार नाही.

---

पणजीहून

गोव्यातूनही थोडे. दक्षिणेत पाळोळ्याजवळ काही लहान उपसागर आहेत जिथे होडीने किंवा रानातल्या पायवाटेनेच जाता येते, पण मोसमात दहा वाजल्यानंतर तिथे शांतता उरत नाही. आणि त्याच्याही दक्षिणेला असलेले अंजदीव बेट नौदलाकडे असल्याने तिथे उतरता येत नाही. मूळ लेखकांना जे भावले ते गोव्यात शोधायचे असेल तर समुद्र सोडून मांडवीत यावे. रायबंदरहून फेरीने चोडणला उतरले की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, आणि लहान होडी भरतीच्या वेळी कांदळवनातल्या चिंचोळ्या पाण्यात आत जाते. ओहोटीला ती जातच नाही, त्यामुळे येथेही आधी तिथीच पाहावी लागते.

---

खाडीकाठचा

तिसरी घंटा यांच्या शंकेवर एक उपाय सुचवतो. सगळ्यांनी कर्लीतच यावे असे नाही. मालवणच्या उत्तरेला गड नदीची कालावल खाडी आहे. तिच्यात पाणखोल जुव्यासारखी वस्तीची बेटे आहेत. ‘जुवा’ म्हणजे आमच्याकडे खाडीतले बेट. तेथील लोकांचे रोजचे जाणे-येणे होडीवर असते, म्हणून तिथे फिरताना आपण कोणाच्या तरी अंगणासमोरून जात आहोत याचे भान असावे : वेग कमी, आवाज कमी, आणि लोकांची छायाचित्रे विचारून. त्या खाडीत ठरीव फेऱ्यांची गर्दी कमी आहे आणि स्थानिक माणसाची होडी ठरवली तर पैसे गावातच राहतात.

जाळ्यांविषयी सांगायचे राहिले होते. पाण्यावर थर्मोकोलचे किंवा रिकाम्या डब्यांचे बोयरे रांगेत दिसले तर खाली कोणाचे तरी जाळे आहे. पर्यटकांच्या होडीचा पंखा त्यातून गेला तर त्या घराचे हजारोंचे नुकसान होते आणि भरपाई मागायला समोर कोणी नसते. आमच्याकडे पर्यटनाविषयी जी नाराजी आहे तिचा बराचसा भाग या एका गोष्टीत आहे. पुळणीवर रापण ओढली जात असेल तर होडी तिच्या घेऱ्याबाहेरून न्यावी. उतरून दोरीला हात लावलात तर मात्र कोणी नको म्हणणार नाही, उलट जाताना चार बांगडे हातात पडतील.

---

निळी रेघ

सर्वांचे मनापासून आभार. मुलासाठी पट्ट्याचे जाकीट आजच मागवले. आम्हांला फाल्गुनात यायला जमेल असे वाटते. पौर्णिमेच्या आधीची त्रयोदशी पाहिली, तर हिशेबाने भरती नऊच्या पुढे येते. ती चालेल का?

---

खाडीकाठचा

पाण्याच्या दृष्टीने चालेल, पण ते दिवस शिमग्याच्या तोंडावरचे आहेत. आमच्याकडे होळीच्या आसपास तांडेल, खलाशी सगळे मांडावर, म्हणजे गावाच्या शिमग्याच्या जागेवर, असतात आणि देवाचे सोडून होडीवर कोणी येणार नाही. जो येईल त्याचे मन तिथे नसेल. त्यापेक्षा फाल्गुन वद्य द्वादशी धरा. रंगपंचमी होऊन आठवडा झालेला असेल, भरती पुन्हा साडेआठच्या आसपासच येईल, आणि कृष्ण पक्षातही हिशेब तोच लागतो. मात्र तोवर दुपारचा वायव्येचा वारा लवकर सुटू लागलेला असतो, तेव्हा बाहेर निवतीला जायचे असेल तर साडेदहाच्या आत मुखात परत यायचे असे धरून चाला, आणि सासूबाईंना त्या दिवशी घरीच विश्रांती द्या. त्यांना घेऊन खाडीत दुसऱ्या दिवशी जा.